कंट्रोलर घेतलात, आता त्याची जवारी लावा



घरातल्या स्टुडिओबद्दल बोलायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, कोणता मिडी कंट्रोलर घेऊ?" सातारा, कऱ्हाड, विटा, तासगाव, मिरज, कुठलाही गडी असो, प्रश्न हाच. माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. कोणता घ्यायचा हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की घेतलेल्या कंट्रोलरवरचं प्रत्येक बटण तुमच्या रोजच्या कामाला जोडलंय का? नसेल, तर तुम्ही अर्धंच यंत्र विकत घेतलंय. उरलेलं अर्धं दुकानात मिळत नाही, ते आपलं आपण बनवावं लागतं.

आणि हे बनवायचं कशासाठी, यावरही माझं ठाम मत आहे. ते शेवटाकडे येईल. धंद्याच्या दृष्टीनं तोच भाग महत्त्वाचा आहे, त्यामुळे मधेच सोडून जाऊ नका.

आधी दोन मिनिटं : हे यंत्र करतं काय?

मिडी कंट्रोलरमध्ये आवाज नसतो. तो फक्त निरोप पाठवतो. "अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली", "सात नंबरचा कंट्रोल 90 वर आणला", असे निरोप कॉम्प्युटरला जातात आणि आवाज तिथलं सॉफ्टवेअर काढतं. 1983 साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांना जोडून दाखवले गेले. तेव्हापासून सगळ्या कंपन्या हीच भाषा वापरतात. म्हणून पंधरा वर्षं जुना सेकंड हँड कंट्रोलरही आजच्या सॉफ्टवेअरशी बोलू शकतो.

हे ऐकून कुणाला परदेशी वाटत असेल, तर आपल्या ऑक्टोपॅडकडे बघा. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड 1985 साली आला. आठ पॅड होते आणि स्वतःचा आवाज एकही नव्हता. तो निव्वळ मिडी कंट्रोलर होता, आवाज दुसऱ्या यंत्रातून काढावा लागायचा. आवाज आत असलेले ऑक्टोपॅड नंतर आले. आज आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅडवाल्याला मान असतो, तो त्याच्या हाताइतकाच त्याच्या पॅचमुळे. कुठल्या पॅडवर ढोलकीचा धा, कुठल्यावर हलगी, कुठल्यावर टाळ, हे त्यानं स्वतः लावलेलं असतं आणि तो पॅच तो जिवापाड जपतो. म्हणजे यंत्र आपल्या हाताप्रमाणे प्रोग्राम करणं आपल्याकडे नवीन नाही. स्टेजवर ते होतं, घरच्या स्टुडिओत मात्र होत नाही, एवढंच.

मिरजेत हे दीडशे वर्षांपासून चाललंय

सांगली जिल्ह्यात राहून तंतुवाद्यांची आठवण काढायची नाही, हे जमणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराकडे तानपुरा घ्यायला गेलात, तर तो वाद्य उचलून हातात देत नाही. बाईंसाठी पाहिजे की पुरुषासाठी, कुठल्या पट्टीत गाता, हे आधी विचारतो. मग घोडीचा पृष्ठभाग हलक्या हातानं घासून जवारी लावतो. तारेखाली सूत सरकवून तो गुंजणारा स्वर खुलवतो. भोपळा तोच, लाकूड तेच, तारा त्याच. पण जवारी लागेपर्यंत त्या वाद्याला तानपुरा म्हणायचं जिवावर येतं.

कंपनीतून आलेला कंट्रोलर हा जवारी न लावलेला तानपुरा आहे. त्याची फेडरं आणि नॉब कुणासाठी लावलेले असतात? कुणासाठीच नाही. आणि परदेशी यूट्यूबरचा तयार टेम्प्लेट आणून टाकलात, तर ती दुसऱ्याच्या गळ्याची जवारी झाली. तो इलेक्ट्रॉनिक नाचगाणी करतो. तुमच्याकडे काळूबाईची गाणी, वारीचे अभंग, मंडळाचं थीम साँग आणि लग्नाचं गाणं येतं.

बटणं लावायच्या आधी वही उघडा

मी धंदा शिकवतो, त्यामुळे माझी सुरुवात वहीपासूनच होते. वर्षाचं काम कधी आणि कसलं येतं ते लिहा. आपल्या भागात साधारण असं चित्र दिसेल : पौषात मांढरदेवची काळूबाई आणि पालीचा खंडोबा. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा, तिकडं आटपाडी तालुक्यात खरसुंडीचा सिद्धनाथ. ज्येष्ठ-आषाढात लोणंद-फलटणवरून माउलींची पालखी जाते, म्हणजे अभंग आणि भजन. मग गणपती, तासगावचा रथ, त्यापाठोपाठ नवरात्र. आणि पैसे? बऱ्याच गिऱ्हाइकांचे उसाचं बिल जमा झाल्यावर.

आता या यादीकडे नीट बघा. काम भक्तिगीतांचं आहे, गायक बहुतेक हौशी आहेत, प्रत्येकाची पट्टी वेगळी आहे आणि काम सणाच्या आधी पंधरा दिवसांत एकदम अंगावर येतं. तुमचा कंट्रोलर या चार गोष्टींसाठी लावलेला पाहिजे.

दुसरं काम : एक आठवडा माऊसशेजारी कागद ठेवा. जी हालचाल तुम्ही पुन्हा पुन्हा करता, तिच्यापुढे रेघ मारा. रेकॉर्ड चालू-बंद, मागे जाऊन पुन्हा, हेडफोनचा आवाज, पट्टी बदलणं, लय बदलणं, एखादा ट्रॅक गप्प करणं. आठवड्यानं ज्या पाच-सहा गोष्टींपुढे सगळ्यात जास्त रेघा असतील, त्याच कंट्रोलरवर जातील. बाकीचं माऊसवरच राहू दे. किराणा दुकानदार साखर, तेल, चहा हाताच्या अंतरावर ठेवतो आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. इथंही तेच करायचं.

माझ्या मते काय काय लावावं

*पट्टी.* बुवा येतात आणि म्हणतात, "काळी चार द्या." पाच मिनिटांनी म्हणतात, "चढतंय, पांढरी पाच बघा." अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये मेनू शोधत बसलात तर बुवांचा गळा गार होतो. आठ पॅड असतील तर तुमच्या गायकांच्या नेहमीच्या आठ पट्ट्या त्यावर लावा आणि पॅडखाली चिकटपट्टीवर "का. 1", "पां. 4", "का. 4" असं मराठीत लिहा. मिडीवर वाजवलेला तानपुरा, पेटी, बासरी लगेच त्या पट्टीत येतात. एक खाच मात्र ध्यानात ठेवा : ढोलकी-तबल्याचा मिडी ट्रॅक यातून वगळा. तालवाद्यात प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळा बोल असतो. तो ट्रॅक सरकला की धाच्या जागी भलताच बोल वाजतो आणि चूक कुठं झालीय हे शोधण्यात तास जातो.

*लय.* भजनाची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नसते. ती चढत जाते आणि त्यातच मजा असते. क्लिकला बांधून रेकॉर्ड केलेलं भजन निर्जीव वाटतं, ते यामुळेच. एक फेडर लयीला द्या. बुवांना एकदा मोकळं गाऊ द्या, त्यांच्या टाळाबरोबर फेडर हळूहळू वर न्या आणि ती हालचाल रेकॉर्ड करून ठेवा. खरा टेक त्यानंतर घ्या, त्या चढत्या लयीवर. इथं एक हिशेब आहे. साधा मिडी कंट्रोल 0 ते 127 एवढेच आकडे पाठवतो. त्या फेडरला 40 ते 240 अशी लय दिलीत, तर एकेक पायरी दीडपेक्षा जास्त बीटची पडते आणि लय धक्के खात चढते. 80 ते 140 एवढीच मर्यादा दिलीत, तर पायरी अर्ध्या बीटची होते आणि कानाला धक्का कळत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही किमान-कमाल मर्यादा लावता येते. लोक ती लावत नाहीत आणि कंट्रोलर फालतू आहे म्हणतात.

*पाय.* बऱ्याच कंट्रोलरला मागं पेडलची जागा असते. ती सस्टेनसाठीच वापरली पाहिजे असा नियम नाही. पेडलला रेकॉर्ड चालू-बंद लावा. घरच्या स्टुडिओत पेटी वाजवणारा, रेकॉर्ड करणारा आणि चहा आणणारा माणूस एकच असतो. हात पेटीवर राहिले पाहिजेत.

*मिंड.* बासरी-सनईचा सूर कीबोर्डवर वाजवताना पिचबेंडची मर्यादा बहुतेक ठिकाणी आधीपासून दोन अर्ध्या स्वरांची असते. आपली मिंड त्यात मावत नाही. सॉफ्टवेअरमधल्या वाद्यात ती वाढवून बारा करा. पिचबेंडला 127 ची अडचण नाही, त्याला 16,384 पायऱ्या असतात, त्यामुळे सूर तुटत नाही.

*आवाज, आणि एक धोका.* मिक्सिंगला फेडर हवेतच. पण साध्या फेडरला सॉफ्टवेअरमधला आवाज कुठं आहे ते माहीत नसतं. हातातला फेडर वर आहे, स्क्रीनवरचा खाली आहे आणि तुम्ही नुसतं बोट लावलंत, की आवाज एकदम उसळतो. गायकाच्या कानात हेडफोन असेल तर विचार करा. उपाय सोपा आहे : सॉफ्टवेअरमध्ये "पिकअप" किंवा "सॉफ्ट टेकओव्हर" चालू करा, म्हणजे फेडर त्या जागेला येईपर्यंत आवाज हलत नाही. नाहीतर न थांबता गोल फिरणारे नॉब वापरा. हेडफोनच्या फेडरला वरची मर्यादा घाला. गिऱ्हाइकाचा कान ही जबाबदारीची गोष्ट आहे.

हे सगळं लावलं की सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात लाइट जाणार, कॉम्प्युटर रुसणार, हे गृहीत धरूनच काम करायचं.

आता पैशाचं बोलू

आकडे धरून चालू, तुम्ही तुमचे घाला. धरा, कंट्रोलर 7,000 रुपयांचा. एका गाण्याचे तुम्ही 6,000 घेता आणि त्यात 20 तास जातात. म्हणजे तुमचा तास 300 रुपयांचा. नीट लावलेल्या कंट्रोलरनं एका गाण्यामागे 40 मिनिटं वाचली आणि महिन्याला 6 गाणी झाली, तर 4 तास वाचले, 1,200 रुपयांचे. साधारण सहा महिन्यांत कंट्रोलर वसूल.

पण थांबा. हे 1,200 रुपये खिशात आपोआप येत नाहीत. वाचलेल्या चार तासांचं तुम्ही काय करता, त्यावर ते ठरतं. ते मोबाइलवर गेले तर कंट्रोलर हा निव्वळ खर्च आहे. आणि हप्त्यावर 40,000 चा मोठा कंट्रोलर उचललात, तर हाच हिशेब तीन वर्षांवर जातो. मला विचाराल तर पहिला कंट्रोलर लहान घ्या. कॉर्गचा नॅनोकंट्रोल 2 आठ फेडर आणि आठ नॉबचा आहे, अकाईच्या एमपीके मिनीला पंचवीस पट्ट्या, आठ पॅड आणि आठ नॉब आहेत. दोन्हींची बटणं आपल्याला हवी तशी लावता येतात. सेकंड हँड चालेल, पण घेताना लॅपटॉप घेऊन जा. प्रत्येक फेडर खालून वर न्या आणि आकडे 0 पासून 127 पर्यंत न अडखळता येतात का ते बघा. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो का तेही तपासा, कारण जुन्या यंत्राचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर मिळेलच असं नाही. पहिल्याची सगळी बटणं कामाला लागल्याशिवाय दुसरा कंट्रोलर घ्यायचा नाही, हा माझा नियम.

"सर, माऊसनं पण सगळं होतंच की"

होतं. महिन्याला एखादंच गाणं करत असाल, तर कंट्रोलर घेऊच नका, त्या पैशात चांगला माइक घ्या. हे मी मनापासून सांगतोय. पण गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं तेव्हा माऊसची अडचण वेळेपेक्षा वेगळी असते. तुमची पाठ त्यांच्याकडे असते आणि डोळे स्क्रीनमध्ये. गावाकडून आलेला गायक आधीच बुजलेला असतो. हात कंट्रोलरवर आणि नजर गायकाकडे असली की त्याचं गाणं सुधारतं, आणि गाणं सुधारलं की तो पुढच्या यात्रेला परत येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पटतो : "या यंत्रांनी वाजवणाऱ्यांची पोटं मारली." खरं आहे. तयार लूप आले तसं हलगीवाल्याला, ढोलकीवाल्याला, सनईवाल्याला स्टुडिओत बोलावणं कमी झालं. एक माणूस, एक कीबोर्ड, झालं गाणं. त्यात पैसे वाचतात असं आपल्याला वाटतं.

मी याकडे धंद्याच्या नजरेनं बघतो आणि मला हा तोट्याचा सौदा दिसतो. तुमच्याकडचा ढोलकीचा लूप पुण्यातल्या स्टुडिओकडेही आहे, कोल्हापूरच्याही. आता तर मोबाइलवर शब्द टाकले की एआय पाच मिनिटांत गाणं काढून देतं, तेही फुकटात. त्या गाण्याशी तुम्ही भावात स्पर्धा करू शकणार नाही. मग गिऱ्हाइकानं तुमच्याकडे का यायचं? त्याच्या गावच्या यात्रेतली हलगी-घुमकं त्याच्या गाण्यात ऐकू यावी म्हणून. त्याच्या भजनी मंडळाची चढती लय तशीच पकडली जावी म्हणून. आरेवाडीच्या बिरोबाची ओवी गाणाऱ्याचा ढोल खरा असावा म्हणून. हे तुमच्याकडेच होऊ शकतं, कारण तो हलगीवाला तुमच्यापासून दहा किलोमीटरवर राहतो.

म्हणून ते वाचलेले चार तास तिथं घाला. यंत्राचं काम यंत्राकडून लवकर उरका आणि उरलेला वेळ माणसाला द्या. महिन्यातल्या सहापैकी दोन गाण्यांत एक खरा वाजवणारा बोलवा, त्याला आधी ठरवून योग्य मोबदला द्या आणि गिऱ्हाइकाला दरपत्रकात दोन भाव स्पष्ट लिहून द्या : लूपचं गाणं इतकं, खऱ्या हलगीचं इतकं. सगळे दुसरा भाव घेणार नाहीत. पण जे घेतील, ते लोकांना ऐकवताना "हलगी आपल्याच गावच्या पोराची आहे" असं सांगतील. एवढी जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही. आणि त्या पोराच्या ओळखीतून पुढचं काम तुमच्याकडेच येईल.

माझं हे मत पटलं नाही तरी चालेल. पण तुमच्या मागच्या वर्षीच्या पाच गाण्यांचे ताल एकापाठोपाठ एक लावून ऐका, मग ठरवा.

या आठवड्याचं काम

सोमवार ते शनिवार कागदावर रेघा मारा. रविवारी दोन तास काढून वरच्या पाच-सहा गोष्टी कंट्रोलरवर लावा, मर्यादा घाला, चिकटपट्ट्या लावा, फाइल पेनड्राइव्हवर टाका. पुढच्या गिऱ्हाइकाला घड्याळ लावून किती मिनिटं वाचली ते वहीत लिहा. मिनिटं वाचत नसतील तर बटणं बदला. मिरजेचा कारागीरही जवारी एका घासण्यात लावत नाही, घासतो, ऐकतो, परत घासतो.

आणि महिन्याच्या शेवटी एका वाजवणाऱ्याला फोन करा. कंट्रोलर कुठला घेतलात यापेक्षा तो फोन केलात का, हे मला पुढच्या वेळी आधी सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.